लडाखचा ग्रॅनाइट आणि नाहीसा झालेला समुद्र

महाराष्ट्रातल्या माणसाला दगड म्हटला की तो काळाच डोळ्यांपुढे येतो. गडकोटांचे तट काळे, नदीच्या घाटांच्या पायऱ्या काळ्या, वेरूळचे कैलास लेणे काळ्या दगडातले आणि घरातला पाटा-वरवंटाही त्याच जातीचा. हा आपला बेसॉल्ट. ग्रॅनाइटाची आणि आपली ओळख बहुधा स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून झालेली असते, आणि तीही बरीचशी चुकीची. कारण बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' या नावाने जो गुळगुळीत काळा दगड विकला जातो, तो भूवैज्ञानिकाच्या व्याख्येने ग्रॅनाइट नव्हेच. खरा ग्रॅनाइट पाहावयाचा असेल तर हंपीला जावे, किंवा आपल्याच पूर्व विदर्भात जावे. तो करडा, पांढरट, कधी गुलाबी असतो, आणि त्यातले निरनिराळे खनिज-कण भिंग न लावता वेगवेगळे ओळखता येतात. काचेसारखी चमकणारी गारगोटी, दुधी किंवा गुलाबी फेल्स्पार, मध्येच लुकलुकणारे अभ्रक आणि काही जातींत हॉर्नब्लेंड नावाच्या खनिजाचे काळे ठिपके.

आज आम्हांला या ग्रॅनाइटाविषयीच बोलावयाचे आहे. परंतु हंपीच्या नव्हे, तर सिंधू नदीच्या उत्तर काठाने लडाखमध्ये जी करड्या दगडाची अजस्र रांग उभी आहे तिच्याविषयी. लेह गावाच्या पाठीशी हीच रांग आहे. लेहहून खारदुंग खिंडीकडे जाणारा रस्ता या दगडातूनच वर चढतो आणि ५,३५९ मीटर उंचीवर ती रांग ओलांडतो. ज्या प्रदेशात समुद्र शेकडो कोस दूर, पाऊस नावापुरता आणि हवा विरळ, तेथला हा दगड एका महासागराची साक्ष देतो, असे आमचे म्हणणे आहे. समुद्राची साक्ष शंखशिंपल्यांनी द्यावी हे कोणालाही पटेल. आगीतून जन्मलेल्या दगडाने ती कशी द्यावी, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम या दगडाचा जन्म पाहू. खडीसाखर कशी होते हे आपण जाणतो. साखरेचा पाक हळूहळू, दिवसचे दिवस निवू दिला की मोठे टपोरे खडे धरतात. तोच पाक झटकन थंड केला तर बारीक कणी होते. शिलारसाचेही तसेच आहे. शिलारस म्हणजे पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक. आपला बेसॉल्ट भूपृष्ठावर वाहत आला, उघड्या हवेत भराभर निवला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट काही किलोमीटर खोल, वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली लाखो वर्षे निवत राहिला, म्हणून त्याचे कण टपोरे. यावरून एक गोष्ट ओघानेच येते. ग्रॅनाइट आज ज्या अर्थी डोंगराच्या माथ्यावर उघडा दिसतो, त्या अर्थी त्याच्यावरचे कित्येक किलोमीटर जाडीचे छप्पर वारा, पाणी आणि बर्फ यांनी झिजवून वाहून नेलेले आहे.

आज हे सोपे वाटते, पण विद्वानांत यावरून पावणेदोनशे वर्षे वाद झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या फ्रायबर्गचा प्राध्यापक वेर्नर सांगत असे की, ग्रॅनाइट हा आदिम समुद्रातून साका बसावा तसा बसलेला आहे. स्कॉटलंडचा जेम्स हटन याला हे मान्य नव्हते. १७८५ साली तो ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला, आणि तेथे त्याला ग्रॅनाइटाच्या शिरा जुन्या काळसर खडकाला चिरून आत घुसलेल्या दिसल्या. साका असा वर चढून दगड फोडीत नाही. वितळलेला रसच तसे करू शकतो. हटन जिंकला खरा, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर भांडण पुन्हा पेटले. इंग्लंडमधील एच. एच. रीड आणि त्याच्या मताचे लोक म्हणू लागले की, जुने गाळाचे खडकच उष्णतेने आणि झिरपणाऱ्या द्रवांनी जागच्या जागी पालटून पुष्कळसा ग्रॅनाइट होतो. त्यावर टटल आणि बोवेन या दोघांनी १९५८ साली प्रयोगशाळेतला पुरावा पुढे ठेवला. त्यांनी ग्रॅनाइटाची खनिजे पाण्यासह मोठ्या दाबाखाली तापविली. कोरडा ग्रॅनाइट वितळावयाला साडेनऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. पाणी मिळाले की तोच साडेसहाशे ते सातशे अंशांवर वितळतो.

पाणी! येथून पुढे आमच्या सगळ्या कथेची किल्ली या एका शब्दात आहे. वेर्नरचा समुद्र हटनने पुढच्या दाराने हाकलून दिला होता. तो असा मागच्या दाराने परत आला.

आता समुद्रतळाकडे वळू. १९६० च्या दशकात भूविज्ञानाचे रूपच पालटले. पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नसून प्रचंड भूपट्टांचे मिळून बनलेले आहे, समुद्रतळ मध्यभागी नवा तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकत जातो आणि शेवटी एखाद्या खंडाच्या किंवा बेटांच्या माळेच्या खाली बुडून पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो, हे सिद्ध झाले. म्हणून सर्वांत जुने खडक खंडांवर सापडतात आणि समुद्रतळ मात्र तुलनेने कोवळा असतो. खंड तरंगते, हलके. त्यांना बुडवता येत नाही. समुद्रतळ थंड झाला की जड होतो आणि बुडतो.

हे बुडणे आपल्यापासून फार दूरचे नाही. हिंदी महासागराचा तळ आज अंदमान आणि सुमात्रा यांच्याखाली जात आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्या बुडीच्या मार्गावरची अडकलेली कड एकाएकी सुटली, समुद्र उसळला आणि तामिळनाडूपर्यंत हाहाकार झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्याच बुडीच्या वर, अंदमानच्या पूर्वेस, बॅरन नावाचे निर्जन बेट आहे. तो भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे तो जवळजवळ निद्रिस्त होता. १९९१ साली पुन्हा जागा झाला.

येथे विचारी श्रोत्याच्या मनात शंका आली पाहिजे. बुडणारा समुद्रतळ तर थंड असतो. थंड वस्तू खाली घातल्याने आग कशी पेटावी? चुलीत ओला गोवर सारला तर धूर होईल, जाळ कसा होईल? उत्तर असे की, येथे आच वाढत नाही, तर वितळबिंदू खाली येतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात तेव्हा आपण बर्फाला ऊब देत नसतो; तरी तो वितळतो, कारण मिठाने त्याचा वितळबिंदू उतरतो. खडकाच्या बाबतीत मिठाचे काम पाणी करते. समुद्रतळाचा खडक कोट्यवधी वर्षे खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो, आणि ते पाणी भेगांतच नव्हे, तर खनिजांच्या घडणीत बांधले गेलेले असते. तळ खाली जाऊ लागला की दाब आणि उष्णता यांनी ती खनिजे मोडतात आणि पाणी सुटते. सुमारे १०० किलोमीटर खोलीपर्यंत हे चालते. सुटलेले पाणी वरच्या तप्त प्रावरणात शिरते. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जड खडक, त्या खोलीवर कोरडा असताना १,४०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. ओला झाला की हजार अंशांच्या आसपास पाझरू लागतो. हा पाझर वर येतो, कवचाच्या बुडाशी साचतो, काही अंशी गोठतो, जड खनिजे खाली टाकतो, वरचा जुना खडकही थोडा वितळवून आपल्यात घेतो, आणि अशा पुष्कळ संस्कारांनंतर उरलेला हलका, गारगोटीयुक्त रस आणखी वर चढून ग्रॅनाइट होतो. त्यातला काही भूपृष्ठ फोडून बाहेर पडला तर ज्वालामुखी. ज्वालामुखीच्या माळेखाली ग्रॅनाइट निवत असतो, असे समजावयास हरकत नाही. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात हे कारखाने आज चालू आहेत.

खोल गेलेला समुद्राचा गाळ पुन्हा वर येतो याला पुरावा काय? पुरावा फार सुंदर आहे, म्हणून त्यासाठी थोडे थांबतो. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या माऱ्याने वातावरणात बेरिलियम-१० नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ तयार होतो. तो पावसाबरोबर खाली येऊन समुद्रतळाच्या गाळात साठतो. चौदा लाख वर्षांच्या आसपास तो निम्मा होतो. म्हणजे पृथ्वीच्या पोटात मुळापासून तो असणे शक्यच नाही, केव्हाच संपून गेला असता. १९८० च्या दशकात संशोधकांना बुडत्या समुद्रतळावरच्या काही ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हारसात हे बेरिलियम सापडले. आकाशात जन्मलेला पदार्थ, समुद्रात बुडालेला, पाताळात गेलेला आणि आगीच्या तोंडून परत आलेला! याहून नि:संदिग्ध पावती कोणी मागू नये.

एवढी तयारी झाल्यावर आपण लडाखला परत जाऊ. लेहच्या मागच्या डोंगरातला दगड फोडला तर करड्या पांढऱ्या कणांत काळे लांबट ठिपके दिसतात. ते हॉर्नब्लेंड. काटेकोर वर्गीकरण करणारे लोक या दगडाला पुष्कळ ठिकाणी ग्रॅनोडायोराइट म्हणतील. आम्ही सगळ्या कुटुंबाला एकाच आडनावाने हाक मारतो आहोत, इतकेच. हॉर्नब्लेंड कोरड्या रसात तयार होत नाही. त्याच्या घडणीतच पाणी लागते. म्हणजे या काळ्या ठिपक्यांत रसाच्या ओलेपणाची नोंद आहे. दुसरी खूण अशी की, या दगडाच्या उत्तरेस, श्योक नदीच्या बाजूला, खारदुंगच्या परिसरात ज्वालामुखीच्या राखेचे आणि लाव्ह्याचे थर अजून शिल्लक आहेत. कारखान्याचे धुराडे आणि भट्टी दोन्ही शेजारी शेजारी सापडावीत तसा हा प्रकार आहे. लांबी पाहिली तर लडाखची ही रांग ६०० किलोमीटर भरते, आणि ती एकटी नाही. पश्चिमेस पाकिस्तानातले कोहिस्तान आणि पूर्वेस तिबेटातले गांगदिसे धरले तर हा पट्टा अडीच हजार किलोमीटरच्या वर जातो. स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने १९०९ साली आपल्या ग्रंथाला जे 'ट्रान्स-हिमालय' नाव दिले, तेच या साऱ्या पट्ट्याला चिकटले आहे. एवढी लांब, अरुंद, किनाऱ्याला समांतर जावी तशी रेघ अँडीजशिवाय दुसऱ्या कशाची आठवण करून देणार?

यावरून असे ठरते की, एके काळी आशियाचा दक्षिण किनारा येथे होता, किंवा किनाऱ्यापुढची ज्वालामुखी बेटांची माळ येथे होती, आणि तिच्याखाली एक महासागर बुडत होता. या महासागराला ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस याने १८९३ साली टेथिस हे नाव दिले. ग्रीक पुराणातली ही सागरदेवता, ओशनसची बहीण आणि पत्नी. झ्यूसने हे नाव दिले ते समुद्री जीवाश्मांच्या आधाराने. हा समुद्र बुडाला कोठे, हे त्याच्या काळी कोणालाच सांगता येणे शक्य नव्हते.

केव्हा बुडाला, हे मात्र ग्रॅनाइट सांगतो, आणि ते सांगण्याचे साधन म्हणजे झिरकॉन. केसाच्या जाडीएवढे हे कण ग्रॅनाइटात विखुरलेले असतात. स्फटिक धरताना झिरकॉन युरेनियमला घरात घेतो, पण शिशाला दाराबाहेर ठेवतो. पुढे युरेनियमचे किरणोत्सर्गाने शिसे होत जाते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास ४४७ कोटी वर्षे लागतात, आणि हा वेग ना उष्णतेने बदलत ना दाबाने. तेव्हा झिरकॉनात आज जे शिसे सापडते ते घरातच जन्मलेले, आणि त्याच्या प्रमाणावरून घर केव्हा बांधले ते निघते. या घड्याळाने पाहता लडाखच्या ग्रॅनाइटाचे सर्वांत जुने भाग सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बहुतेक भाग सुमारे ६.८ कोटी ते ५ कोटी वर्षांपूर्वी गोठलेला आहे. आणि त्यानंतर भट्टी जवळजवळ विझली आहे.

या आकड्यांत आपल्या घरची एक गोष्ट दडलेली आहे. आपला दक्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे ज्या काळात सह्याद्रीचे थर एकावर एक पसरत होते, त्याच काळात लेहच्या खाली करडा ग्रॅनाइट निवत होता. दोघे समवयस्क आहेत. परंतु त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आज जेथे रियुनियन बेट आहे त्या भागात होती, आणि लेह आशियाच्या बाजूला. दोघांमध्ये हजारो किलोमीटरचा टेथिस समुद्र होता. काळा दगड कोरड्या वितळण्याचा, करडा दगड ओल्या वितळण्याचा. पुढे हा समुद्र जसजसा आटला, म्हणजे बुडाला, तसतसे दोन्ही दगड एकमेकांकडे सरकत आले. त्या काळी आपला भूखंड वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक वेगाने उत्तरेकडे धावत होता. भूपट्टांच्या मानाने ही धाव म्हणजे घोडदौडच. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी त्याचा वेग एकदम मंदावला आणि ५ सेंटिमीटरच्या आसपास आला. समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून हा हिशोब मांडता येतो. वेग मंदावतो त्याच सुमारास लडाखची भट्टी विझते, आणि त्याच सुमारास सिंधूच्या दऱ्याखोऱ्यांतल्या गाळात समुद्रातले शेवटचे जीव सापडतात. न्युम्युलाइट त्यांचे नाव, आकाराने नाण्यासारखे. लॅटिन भाषेत नाण्याला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव पडले. त्यांच्या वरच्या थरांत समुद्र नाही. नद्यांची वाळू आणि गोटे आहेत.

समुद्राचा तळ सगळाच्या सगळा बुडाला का? नाही, थोडे तुकडे कडेला खरवडून राहिले. १९३६ साली आर्नोल्ड हाइम आणि आउगुस्टो गान्सर हे स्विस भूवैज्ञानिक हिमालयात आले होते. तिबेटात शिरण्याची परवानगी नव्हती. तेव्हा गान्सर यात्रेकरूच्या वेषात सरहद्द ओलांडून गेला आणि त्याने कैलासाची परिक्रमा केली. परिक्रमा करता करता तो दगड गोळा करीत होता, हे सांगावयास नकोच. कैलासाच्या दक्षिणेस त्याला गडद हिरवे, सापाच्या कातडीसारखे चमकणारे खडक आढळले. असे खडक महासागराच्या तळाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे असतात, हे पुढे सर्वमान्य झाले. म्हणजे गान्सर ज्या रेषेवर उभा होता ती दोन खंडांची शिवण होती. सिंधू बराच अंतरापर्यंत या शिवणीच्या कडेकडेने वाहते.

आणि स्वतः कैलास? पुष्कळांची समजूत अशी की तो एक अखंड कातळ असावा. तसे नाही. कैलास पिंडाश्माचा आहे, म्हणजे नद्यांनी आणलेले गोटे एकत्र सांधून झालेल्या खडकाचा. आणि हे थर ज्या पायावर बसले आहेत तो पाया ट्रान्स-हिमालयाच्या ग्रॅनाइटाचा आहे. गोट्यांत याच ग्रॅनाइटाचे आणि त्याच्यावरच्या ज्वालामुखी खडकांचे तुकडे सापडतात. हे गोटे साचले सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तोपर्यंत छप्पर उडून ग्रॅनाइट उघडा पडला होता, झिजत होता आणि नद्या त्याचे तुकडे वाहून नेत होत्या. समुद्राच्या मृत्यूनंतरचे हे प्रकरण इतक्या स्वच्छ अक्षरात दुसरीकडे क्वचितच लिहिलेले असेल.

आतापर्यंत आम्ही सिंधूच्या उत्तरेकडच्या ग्रॅनाइटाबद्दल बोललो. दक्षिणेकडेही ग्रॅनाइट आहे, आणि तो वेगळाच आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाणाऱ्या यात्रेकरूला समोर भागीरथी शिखरे दिसतात आणि पुढे तपोवनावर शिवलिंग. ही शिखरे पांढऱ्या ग्रॅनाइटाची आहेत. भागीरथीच्या एका शिखरावर तर या पांढऱ्या भिंतीवर काळ्या, पाटीच्या दगडासारख्या खडकाची टोपी स्पष्ट दिसते. नेपाळातले मनास्लू आणि मकालू याच जातीचे. यात हॉर्नब्लेंड जवळपास नसते. पांढरे अभ्रक असते, काळे टुर्मलीन असते, कधी तांबडे गार्नेट असते. वय पाहावे तर बहुधा २.४ ते १.५ कोटी वर्षे. लडाखची भट्टी विझल्यानंतर अडीच-तीन कोटी वर्षांनी जन्मलेला हा दगड. तेव्हा तर येथे बुडावयाला समुद्रच उरला नव्हता. मग हा आला कोठून?

या प्रश्नाला उत्तर देणारी चाचणी स्ट्राँशियमची आहे. रुबिडियम-८७ चे किरणोत्सर्गाने स्ट्राँशियम-८७ होते. खंडांच्या जुन्या कवचात रुबिडियम भरपूर, म्हणून अब्जावधी वर्षांत तेथे स्ट्राँशियम-८७ साचत जाते. प्रावरणात रुबिडियम थोडे, म्हणून तेथे ते फारसे वाढत नाही. स्ट्राँशियम-८७ आणि ८६ यांचे मूळचे गुणोत्तर लडाखच्या ग्रॅनाइटात ०.७०४ च्या आसपास येते. गंगोत्री-मनास्लूच्या ग्रॅनाइटात ०.७४ आणि त्याहून वर. आकड्यांतला फरक कानाला लहान वाटेल. पण या शास्त्रात तो दोन निराळ्या घराण्यांएवढा मोठा आहे. पहिल्याची आई ओले झालेले प्रावरण. दुसऱ्याची आई भारतखंडाचाच जुना चिखल आणि वाळू. ऑस्ट्रेलियात चॅपेल आणि व्हाइट या दोघांनी १९७४ साली ग्रॅनाइटाच्या अशा दोन जाती प्रथम मांडल्या, एक अग्निजन्य खडक वितळून झालेली आणि एक गाळाचे खडक वितळून झालेली. निसर्ग अशा कप्प्यांचे बंधन पाळतोच असे नाही, मिश्र संतती पुष्कळ आढळते. पण हिमालयात हे दोन कप्पे इतके चोख भरतात की, मुद्दाम शिकविण्यासाठीच मांडले असावेत.

गाळाचा खडक वितळला कसा, तेही सांगतो. समुद्र संपला तेव्हा त्याच्या मागे बांधलेला भारताचा किनाराही काही अंतर खाली ओढला गेला. लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरात भारतीय खंडाचे असे खडक सापडतात की, जे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी १०० किलोमीटरच्या आसपास खोल जाऊन परत आले. त्यातल्या खनिजांनी तो दाब जपून ठेवला आहे. पण खंड हलका, तो पार बुडेना. मग मागून रेटा चालूच राहिल्याने थरावर थर चढले, कवच जाड होत गेले. सर्वसाधारण खंडाचे कवच ३५ किलोमीटरच्या आसपास असते. तिबेटाखाली ते ७० किलोमीटर भरते. थंडीत गोधडीवर गोधडी घातली की आतली ऊब आतच कोंडते. जुन्या खडकात युरेनियम, थोरियम यांची स्वतःची मंद उष्णता असते; ती या गोधड्यांखाली कोंडली, दोन-तीन कोटी वर्षांत साचली आणि शेवटी अभ्रकातले बांधलेले पाणी सुटून सातशे अंशांच्या आसपास गाळाचा खडक थोडथोडा पाझरला. तो पाझर म्हणजे शिवलिंगाचा पांढरा ग्रॅनाइट. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे तुकडे असलेला चुनखडक आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याच पर्वताच्या खालच्या अंगात हा पांढरा ग्रॅनाइट घुसलेला आहे, हे थोड्यांना ठाऊक असते.

तेव्हा सिंधूच्या उत्तरेचा करडा ग्रॅनाइट म्हणतो, येथे समुद्र बुडत होता; दक्षिणेचा पांढरा म्हणतो, येथे दोन खंड भिडले. एवढ्यावर आम्ही थांबलो तर कथा फारच सुबक होईल, आणि ती तशी नाही. दोन खंड नेमके केव्हा भिडले यावर आजही एकमत नाही. तिबेटात भारताच्या जुन्या किनाऱ्यावर साचलेल्या गाळात आशियातली वाळू सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वीच येऊ लागली होती, असे तो गाळ तपासणारे सांगतात. आणि समुद्र मध्ये असता ती वाळू आली नसती. लडाखचा ग्रॅनाइट मात्र ५ कोटी वर्षांपर्यंत गोठत होता. आमच्या मते यात फारसा विरोध नाही: चूल विझवल्यावरही दूध क्षणभर उतू जातेच, आणि अगोदर खाली गेलेल्या समुद्रतळातले पाणी सुटण्यास आणि त्या रसाला वर येऊन निवण्यास अवधी लागतो. पण ९० लाख वर्षांचा 'क्षण' जरा लांब आहे, हे आम्हांलाही कबूल आहे.

दुसरा पक्ष आणखी पुढे जातो. कोहिस्तान आणि लडाख ही समुद्रातली बेटांची माळ होती. भारत तिला ५ कोटी वर्षांपूर्वी भिडला, आणि माळेसह आशियाला भिडला तो सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले आहे. आणि मौज अशी की, त्याचाही आधार ग्रॅनाइटाचे घराणे कोणत्या काळी पालटले हाच आहे. हा वाद केवळ तारखांचा नव्हे. भिडल्यापासून भारत आशियाकडे किती सरकला हे समुद्रतळावरून मोजता येते. तेवढे अंतर कवचाच्या घड्यांत कोठेतरी जमा दिसले पाहिजे. हिमालयाच्या घड्या उलगडून आणि आशियातले आकुंचन मिळवूनही हा जमाखर्च जुळत नाही. खर्च अधिक, जमा कमी. भिडण्याची तारीख अलीकडे ओढली तर तूट कमी होते. मागे ढकलली तर भारतखंडाचा मोठा भाग पृथ्वीच्या पोटात कायमचा गेला, असे मानावे लागते, आणि मग 'खंड बुडत नाहीत' हे जे विधान आम्ही आरंभी इतक्या निर्धास्तपणे केले, त्याला मुरड घालावी लागते. दगड गोळा करणे, झिरकॉन वेचणे आणि तारखा लावणे हे काम म्हणूनच लेहपासून ल्हासापर्यंत चालू आहे.

ग्रॅनाइटाचे काम मात्र या वादासाठी थांबलेले नाही. नंगा पर्वताच्या पोटात जो ग्रॅनाइट आहे त्याच्या काही शिरा दहा-वीस लाख वर्षांपूर्वीच्या, म्हणजे माणसाच्या पूर्वजांनी दगडी हत्यारे घडवावयास सुरुवात केल्यानंतरच्या आहेत. १९९० च्या दशकात दक्षिण तिबेटच्या भूमीखाली स्फोटांच्या आणि भूकंपांच्या लहरी सोडून आणि टिपून पाहणी झाली, तेव्हा १५ ते २० किलोमीटर खोलीवर त्या लहरी मंद झालेल्या आणि परावर्तित झालेल्या आढळल्या. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की, तेथला खडक आजही काही अंशी वितळलेला आहे.